हिरवळीची थोरवी आणि एक आकडा

गोल्फच्या मोठ्या स्पर्धेचे वर्णन करताना समालोचक एक आकडा हमखास सांगतात. ‘हिरवळी आज बारावर आहेत’, ‘आज तेराला पोचल्या’. आकडा जितका मोठा तितकी हिरवळ उत्तम, असा त्या बोलण्याचा सूर असतो. हा आकडा कशाचा, तो कसा काढतात आणि हिरवळीची थोरवी त्यात मावते का, असे तीन प्रश्न या लेखात घ्यायचे आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नववीच्या भौतिकशास्त्रात सापडतात. तिसरा प्रश्न रसिकतेचा आहे. पण पहिल्या दोन उत्तरांवाचून त्याचे उत्तर देता येणार नाही, असे आम्हाला वाटते.

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी गोल्फ खेळला असेल. त्याने काही अडत नाही. गोट्या खेळताना गलीत गोटी घालण्याचा खटाटोप ज्याने केला आहे, त्याला या खेळाचा गाभा ठाऊक आहे. गोल्फच्या मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात लांबच्या फटक्याने होते आणि शेवट बारीक कापलेल्या गवताच्या एका तुकड्यावर होतो. खेळाडू त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. आपण हिरवळ म्हणू. तिच्यात १०८ मिलिमीटर व्यासाचा खळगा असतो आणि सुमारे ४३ मिलिमीटर व्यासाचा चेंडू त्यात घालायचा असतो. हवेतून मारायचे फटके येथे संपतात. चेंडू जमिनीवरून घरंगळत न्यायचा असतो. चांगल्या खेळाडूला एक होल किती फटक्यांत पुरा करता यावा याचा जो ठोकताळा असतो, त्यात हिरवळीवरचे दोन टोले धरलेले असतात. म्हणजे बहात्तर फटक्यांच्या मैदानात छत्तीस टोले हिरवळीवरचे! निम्मा खेळ जेथे खेळला जातो, ती जागा कशी आहे यावर सारे मैदान तोलले जाते, यात नवल नाही.

आता तो आकडा. १९३५ साली अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या ओकमाँट मैदानावर अमेरिकी ओपन स्पर्धा झाली. तेथील हिरवळी इतक्या निसरड्या होत्या, की चार फेऱ्यांत मिळून तीनशेच्या आत खेळ संपवणारा एकच खेळाडू निघाला. विजेत्या सॅम पार्क्स याला २९९ फटके लागले. स्पर्धा पाहायला आलेल्या एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी गोल्फपटूला शंका आली, की या हिरवळी वाजवीपेक्षा अधिक वेगवान आहेत. पण ‘वाजवी’ म्हणजे किती? ते सांगायला मापच नव्हते. म्हणून त्याने लाकडाची एक साधी पन्हळ तयार केली. पुढे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तिच्यात सुधारणा करून ती अ‍ॅल्युमिनियममध्ये घडवली आणि १९७८ पासून मैदानांची निगा राखणाऱ्यांना देऊ केली. हाच स्टिम्पमीटर.

उपकरण पाहून शाळेतल्या प्रयोगशाळेची आठवण यावी. ३६ इंच लांबीची, व्ही अक्षराच्या छेदाची पन्हळ. तिच्या खालच्या टोकापासून ३० इंचांवर एक खाच. खाचेत चेंडू ठेवायचा आणि पन्हळीचे ते टोक हळूहळू उचलायचे. कोन सुमारे वीस अंशांचा झाला की चेंडू आपोआप सुटतो. कोणीही उचलले, कितीही वेळा उचलले, तरी खाली येताना त्याचा वेग तोच म्हणजे सेकंदाला सुमारे १.८३ मीटर असतो. सपाट हिरवळीवर तेथून तो जितके फूट घरंगळतो, तो त्या हिरवळीचा ‘वेग’. खरे तर हे अंतर आहे, वेग नव्हे; आणि तो आकडा मोजतो ते गवताचा रोध. पण शब्द रूढ झाला आहे.

आरंभीचा वेग माहीत आहे, अंतिम वेग शून्य आहे, अंतर मोजले आहे. गतीच्या तिसऱ्या समीकरणाने ऋण त्वरण लगेच निघते. संघटनेने १९७० च्या दशकात देशभरातील हिरवळी मोजल्या, तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास आली होती. त्या हिरवळीवर ऋण त्वरण सेकंदवर्गाला ०.८५ मीटर येते. आजच्या मोठ्या स्पर्धांत आढळणाऱ्या तेरा फुटी हिरवळीवर ते बरोबर निम्मे, म्हणजे ०.४२ मीटर येते. रोध निम्मा झाला. इतके साधे गणित. मग यात वादाचे काय आहे?

वाद उतारापाशी सुरू होतो. हिरवळ कधीही बिलियर्डच्या टेबलासारखी सपाट नसते. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी तिला ढाळ द्यावाच लागतो आणि खेळाची गंमतही त्या ढाळातच असते. भरीव गोल उतारावरून न घसरता घरंगळतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या कार्याचा काही भाग त्याला फिरवण्यात खर्च होतो. त्यामुळे त्याचे त्वरण घर्षणरहित घसरणाऱ्या वस्तूच्या पाच सप्तमांश असते. तीन टक्के उतार घ्या, म्हणजे शंभर सेंटिमीटरला तीन सेंटिमीटर. त्याचे त्वरण सुमारे ०.२१ येते. खाली जाणाऱ्या चेंडूसाठी ते रोधातून वजा करायचे, वर चढणाऱ्यासाठी रोधात मिळवायचे.

पन्हळीतून सुटलेला चेंडू साडेसहा फुटी हिरवळीवर अशा उताराने सुमारे साडेआठ फूट जातो. म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. तेरा फुटी हिरवळीवर तोच चेंडू, तोच उतार; पण आता तो २६ फूट जातो. म्हणजे दुप्पट! उतार पाच टक्के केला तर जुन्या हिरवळीवर चेंडू अकरा फुटांवर थांबेल, नव्या हिरवळीवर पंचाहत्तर फुटांवर. आणि सहा टक्क्यांच्या उतारावर नव्या हिरवळीचा रोध आणि गुरुत्वाकर्षण जवळपास समसमान होतात. चेंडू थांबतच नाही. जुन्या हिरवळीवर ही मर्यादा बारा टक्क्यांवर होती. हे प्रतिमान ढोबळ आहे. वारा, गवताच्या पात्यांचा कल, ओलावा यांचा विचार त्यात नाही. तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. गवताचा रोध निम्मा केला की खेळता येण्याजोगा उतारही निम्मा होतो. वेग आणि उतार ही एकाच पैशाची दोन खाती आहेत. एकात भरले की दुसऱ्यातून काढावे लागते.

आता समीक्षेकडे वळू. हिरवळ थोर कशाने होते हे पाहायचे तर स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर जायला हवे. हे मैदान कोणा एका रचनाकाराने कागदावर आखलेले नाही. समुद्रकाठची वाळूची जमीन, वारा आणि माणसांची शेकडो वर्षांची वर्दळ यांनी ते घडवले. पूर्वी खेळाडू एकाच वाटेने जात व तिनेच परतत, आणि तेच खळगे दोन्ही वेळा वापरीत. गर्दी वाढली तशा हिरवळी रुंद करून प्रत्येकीत दोन खळगे ठेवले गेले. आजही तेथील चौदा होल सात जोडहिरवळींवर संपतात. जोडीतल्या होलांच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी अठरा येते: दोन आणि सोळा, तीन आणि पंधरा, असे.

यातली जोडीविना राहिलेली सतराव्या होलची हिरवळ पाहा. तिला रोड होल म्हणतात. ती अरुंद आहे आणि येणाऱ्या खेळाडूला तिरकी पडते. पुढच्या अंगाला एक खोल बंकर म्हणजे वाळूचा खड्डा तिच्या पोटात शिरला आहे, तर मागच्या अंगाला रस्ता आहे. बंकरच्या भोवतालचा उतार असा, की लांबून आलेला दुबळा चेंडू त्यात ओढला जातो. १९७८ च्या ओपन स्पर्धेत जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमा याने दोन फटक्यांत हिरवळ गाठली होती. तिसरा टोला त्याने खळग्याच्या दिशेने मारला. चेंडू उताराने वळला आणि बंकरमध्ये गेला. बाहेर काढायला चार फटके लागले आणि होल नऊ फटक्यांत पुरा झाला. हिरवळींच्या वेगाची शर्यत तेव्हा सुरूही झाली नव्हती. नाकाजिमाला चकवले ते उताराने.

आमच्या मते या हिरवळीची थोरवी ती अवघड आहे यात नाही. अवघड हिरवळ कोणालाही करता येते. तिची थोरवी अशी, की ती प्रश्न फार आधी विचारते. खळगा बंकरच्या मागे असेल तर चारशे यार्डांवर उभ्या असलेल्या खेळाडूला पहिला फटका मारतानाच ठरवावे लागते, की हिरवळीकडे कोणत्या बाजूने यायचे. उजवीकडून धोका पत्करून यावे तर वाट उघडी सापडते. डावीकडून सुखरूप यावे तर बंकर आडवा येतो. हिरवळीचा आकार असा साऱ्या होलचा अर्थ ठरवतो. चांगल्या कथेचा शेवट आधीच्या प्रत्येक प्रसंगाला वजन देतो, तसेच हे आहे.

दुसरी कसोटी पर्यायांची. शेजारच्या अठराव्या हिरवळीपुढे एक खोलगट भाग आहे. त्याला ‘व्हॅली ऑफ सिन’, म्हणजे पापाची दरी, असे गमतीचे नाव आहे. १९९५ च्या ओपनमध्ये इटलीच्या कोस्तांतिनो रोक्काला बरोबरी साधायला शेवटच्या होलवर एकाच फटक्याची संधी उरली होती आणि चेंडू त्या दरीत होता. त्याने चेंडू उचलून मारण्याऐवजी पटर हातात घेतला आणि साठ फुटांहून अधिक अंतरावरून चेंडू दरीतून वर चढवत थेट खळग्यात घातला. पुढे जादा होलांत तो जॉन डॅलीकडून हरला, पण तो टोला लोकांच्या लक्षात राहिला. तेथे उचलून मारता आले असते, घरंगळत नेता आले असते. जमिनीने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. हिरवळीवरही असेच असते. आडव्या उतारावर चेंडू जोरात मारला तर तो कमी वळतो. हळू मारला तर मोठे वळण घेऊन येतो. दिशा आणि जोर यांच्या अनेक जोड्या खळग्यापर्यंत पोचतात. अर्थात जोराला मर्यादा आहे. खळग्याच्या बरोबर मध्यावर आलेला चेंडूसुद्धा सेकंदाला सुमारे १.६ मीटरपेक्षा वेगात असेल तर वरून उडून पलीकडे जातो. पण त्या मर्यादेत स्वभावाप्रमाणे वाट निवडता येते. उतारावरची हिरवळ फार वेगवान केली की चुकलेला जोरकस टोला दूर वाहून जातो आणि मग भित्रा, हळू टोला एवढाच पर्याय उरतो. वेगाने प्रश्न अवघड होतो खरा, पण त्याची उत्तरे एकावर येतात.

आता या आकड्याने काय केले ते पाहू. ओल्ड कोर्सच्या अकराव्या हिरवळीचा उतार गोल्फच्या जगात नावाजलेला आहे. अनेक देशांतल्या रचनाकारांनी त्या होलच्या आवृत्त्या काढल्या. पण आधुनिक वेगाला तिच्या डाव्या मागच्या भागात खळगा ठेवणे अशक्य होऊ लागले. तेव्हा २०१२ च्या अखेरीस तो भाग सौम्य करण्याचे काम हाती घेण्यात आले. खळग्यासाठी जास्त जागा मिळाव्यात, हे कारण दिले गेले. या कामावर जगभरातून टीका झाली. आमचाही आक्षेप आहे, आणि तो केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. गवत थोडे उंच ठेवले असते तर तीच जागा पुन्हा खेळण्याजोगी झाली असती. गवत आठवड्याभरात वाढते. पिढ्यान् पिढ्या घडलेला उतार एकदा खरवडला की परत येत नाही. दोन चलांपैकी जे सहज बदलता येते ते स्थिर धरले आणि जे बदलू नये ते बदलले, हा येथील दोष आहे. शिवाय २०१५ च्या ओपनमध्ये शनिवारी जोराचा वारा सुटला तेव्हा अकराव्या हिरवळीवर थांबलेले चेंडू हलू लागले, खेळ दहा तासांहून अधिक बंद ठेवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. रोध कमी केला की वाऱ्यालाही कमी बळ पुरते.

अमेरिकेत शिनेकॉक हिल्स येथे २००४ च्या अमेरिकी ओपनमध्ये शेवटच्या दिवशी सातवी हिरवळ इतकी कोरडी व निसरडी झाली, की खेळ चालू असताना मधूनमधून तिच्यावर पाणी मारावे लागले. २०१८ मध्ये त्याच मैदानावर शनिवारी पुन्हा तसेच घडले. फिल मिकल्सन या मातब्बर खेळाडूने उताराने निघून चाललेला आपला चेंडू थांबण्याआधीच धावत जाऊन परत मारला आणि दोन फटक्यांचा दंड सोसला. काही खळग्यांच्या जागा वाजवीपेक्षा अवघड झाल्या, हे आयोजकांनीही मान्य केले. ही हिरवळ काही वाईट नाही. तिचे उतार जुने, विचारपूर्वक दिलेले आहेत. पण ते ज्या रोधासाठी दिले होते तो रोधच राहिला नाही.

ऑगस्टा नॅशनलची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. हे मैदान डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी व बॉबी जोन्स यांनी रचले आणि १९३३ मध्ये ते सुरू झाले. मॅकेन्झी पेशाने डॉक्टर आणि सेंट अँड्र्यूजचे निस्सीम चाहते. तेथील मोठे, नाट्यमय उतार त्यांनी बर्म्युडा गवतासाठी आखले. बर्म्युडा म्हणजे दुसरे काही नसून आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा! हरळीचे पाते जाड, तिचा रोध जास्त. १९८१ च्या स्पर्धेपासून तेथे हिरवळींवर बेंटग्रास हे बारीक पात्याचे, थंड हवेचे गवत आले. वेग वाढला आणि त्यानंतर अनेक हिरवळींचे उतार वेळोवेळी बदलावे लागले. तरी एक श्रेय या मैदानाला द्यायला हवे. ते आपला आकडा जाहीर करीत नाही.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वेगवान हिरवळीवर हात स्थिर लागतो, बारीक अंदाज लागतो. हे कौशल्य खरेच आहे. ओकमाँटच्या हिरवळी वेगवान असूनही थोर मानल्या जातात आणि ते मान्य करायला आमची हरकत नाही. पण त्यांचे वैशिष्ट्य नीट पाहिले तर ते जमिनीत सापडते. पहिली व दहावी हिरवळ येणाऱ्या खेळाडूकडे तोंड करून नाही, ती पुढून मागे उतरते. त्यामुळे चेंडू हिरवळीवर टाकण्याऐवजी अलीकडे टाकून घरंगळत न्यावा लागतो. तेथे वेग जमिनीच्या ठेवणीला साथ देतो. इतर मैदानांनी तेथून उचलला तो मात्र नुसता आकडा.

त्याची किंमत गवतालाही मोजावी लागते. पूर्वी पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास कापले जाणारे गवत आता तीन मिलिमीटरवर आणले जाते. पान लहान म्हणजे प्रकाशसंश्लेषण कमी, प्रकाशसंश्लेषण कमी म्हणजे मुळे आखूड, आणि आखूड मुळांचे गवत उन्हाला व बुरशीला लवकर बळी पडते. मग औषधे, पंखे, दिवसातून अनेकदा हलके पाणी. मोठ्या स्पर्धेला हे परवडते. चार पैसे राखून चालणाऱ्या गावच्या मैदानाने त्या आकड्यामागे धावावे, हे शहाणपण नव्हे.

गंमत म्हणजे अमेरिकी संघटनेने स्टिम्पमीटर दिला तो एकाच मैदानावरच्या अठरा हिरवळी परस्परांशी जुळत्या राहाव्यात म्हणून. निरनिराळ्या मैदानांची तुलना करायला तो वापरू नये, असे तिनेच बजावले होते. उपकरणाचा दोष नाही. जे मोजता येते तेवढेच मोलाचे, हा समज दोषी आहे. परीक्षेच्या गुणांच्या बाबतीत तो समज काय करतो, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

वर्गात हे करून पाहता येईल. जाड पुठ्ठ्याची घडी घालून पन्हळ करा, ती दर वेळी सारख्याच उंचीवर टेकवा आणि सतरंजी, चादर, टॉवेल यांवर गोटी सोडून अंतरे मोजा. मग मीटरभर लांबीच्या फळीवर सतरंजी ताणून बसवा आणि एका टोकाखाली वह्या सरकवत जा. तीन सेंटिमीटर उंची म्हणजे तीन टक्के उतार. चढावरचे आणि उतारावरचे अंतर मोजून मुलांना विचारा, की यावरून सपाट जागेचे अंतर कसे काढाल? बहुतेक जण बेरीज करून निम्मे करतील. आपल्या वरच्या उदाहरणात तेरा फुटी हिरवळीवर उतारावर २६ आणि चढावर ८.७ फूट येतात. त्यांची साधी सरासरी सतराच्या पुढे जाते. पण गुणाकाराच्या दुपटीला बेरजेने भागले, म्हणजे हरात्मक मध्य काढला, तर उत्तर बरोबर तेरा येते. असे का, हे त्याच समीकरणावरून मुलांना शोधू द्या.

आणि थोर हिरवळीचे एकच उदाहरण द्या असे कोणी म्हटले तर आम्ही रोड होलच्याही आधी ओल्ड कोर्सला लागून असलेल्या एका जागेचे नाव घेऊ. १८६७ साली तेथील स्त्रियांनी पटिंगचा क्लब काढला. त्यांच्या हिरवळीवर इतके उंचवटे आणि खोलगे आहेत, की तिला लोक ‘हिमालय’ म्हणतात. थोडे पैसे देऊन कोणीही तेथे खेळू शकतो. लहान मुले आणि आजीआजोबा शेजारी शेजारी खेळतात. एकाच टोल्याला चेंडू दोनदा वळतो, चढतो, परत येतो. तेथले गवत स्पर्धेच्या हिरवळीइतके बारीक कापीत नाहीत, म्हणूनच एवढे उतार तेथे टिकतात. तेथे कोणी आकडा विचारत नाही. चेंडू कोठून न्यावा, याचीच चर्चा चालते.